सुटकेची वाट

मराठीत बाळंतपणाला 'सुटका' असा एक जुना शब्द आहे. वेणा देणारी बाई एकदाची 'सुटली', 'मोकळी झाली', ही वार्ता बाळंतिणीच्या खोलीतून ओटीवर आणि ओटीवरून आळीत पसरे, तेव्हा तिच्यात मूल झाल्याच्या आनंदाइतकाच बाई वाचल्याचा निःश्वासही ऐकू येई. बाळंतपण हा बाईचा दुसरा जन्म असे आपल्या आज्या म्हणत. त्यात अलंकार नव्हता, हिशेब होता. १९४६ साली देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने आपला अहवाल सरकारला सादर केला, त्या सुमारास या देशात दर हजार जन्मांमागे सुमारे वीस माता दगावत होत्या असा अंदाज होता. आणि एकेका स्त्रीच्या वाट्याला पाच-सहा बाळंतपणे येण्याच्या त्या काळी याचा अर्थ असा, की आळीतल्या दहा लेकीसुनांपैकी एक तरी कोणत्या ना कोणत्या बाळंतपणात जाणार, हे जणू ठरलेलेच होते. महाराष्ट्रात दर लाख जन्मांमागे दगावणाऱ्या मातांची संख्या २०१८ ते २०२० या वर्षांच्या नमुना नोंदणीनुसार ३३ होती. हजारी वीस, म्हणजे लाखी दोन हजार, येथपासून ३३ पर्यंतचा हा प्रवास ज्या अनेक कारणांनी घडला, त्यांतील एक प्रमुख कारण म्हणजे घरातल्या अंधाऱ्या खोलीतून दवाखान्याच्या खाटेपर्यंत झालेले बाळंतपणाचे स्थलांतर होय. ते स्थलांतर कसे होते, कोणत्या विचाराने होते आणि कोठे अडते, हे पाहायचे तर ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांसारखे दुसरे ठिकाण नाही.

कल्याणहून नाशिककडे निघालेली आगगाडी वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी अशी स्थानके घेत कसाऱ्याला घाटाच्या पायथ्याशी येते. हा लोहमार्ग १८६१ साली कसाऱ्यापर्यंत पोहोचला, आणि त्याच्या दोहों बाजूंस पसरलेला डोंगराळ मुलूख म्हणजे शहापूर तालुका. कल्याणहूनच दुसरा एक रस्ता मुरबाड, सरळगाव, टोकावडे असा माळशेज घाटाच्या रोखाने जातो. तो मुरबाड तालुका, आणि तेथे आजही आगगाडी नाही. तानसा, भातसा आणि वैतरणेवरील मोडकसागर या जलाशयांतून मुंबईच्या नळांना पाणी पुरवणारा हा प्रदेश वैशाखात स्वतः टँकरची वाट पाहत असतो. कुणबी आणि आगरी यांची गावे सखल भागात, भाताच्या खाचरांच्या कडेने. आणि ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी, मल्हार कोळी यांचे पाडे डोंगरउतारावर, पाचपन्नास घरांचे, एकमेकांपासून ओहोळांनी तोडलेले. तालुक्याच्या गावी रुग्णालय आहे, मोठ्या गावांत प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत, त्यांच्या हाताखाली उपकेंद्रे आहेत. नकाशावर पाहिले तर बंदोबस्त चोख दिसतो. परंतु नकाशात अंतर मैलांनी मोजतात, आणि वेणा सुरू झालेल्या बाईचे अंतर श्रावणातल्या रात्री ओहोळाला पाणी किती आहे, यावरून मोजावे लागते.

या दोन्ही तालुक्यांची वाट ज्या कल्याणावरून जाते, तेथेच ३१ मार्च १८६५ रोजी आनंदीबाई जोशी जन्मल्या. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि तो अवघ्या दहा दिवसांत गेला. त्यानंतर सात वर्षांनी, १८८६ साली, फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयातून त्या डॉक्टर होऊन बाहेर पडल्या, तेव्हा त्यांनी प्रबंधाला विषय निवडला होता तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. पुढल्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, क्षयाने त्यांचा अंत झाला. ज्या प्रश्नासाठी त्या समुद्रापार गेल्या, तो त्यांच्या जन्मगावाच्या पाठीमागच्या डोंगरांत मात्र पुढे शंभर वर्षे जसाच्या तसा राहिला.

त्या शंभर वर्षांत बाळंतपणाची सारी तजवीज सुईण पाहत असे. तिच्यावर अडाणीपणाचा शिक्का मारून मोकळे होणे सोपे आहे. परंतु ती काय देत होती हे नीट पाहिल्यावाचून तिला सोडून बायका दवाखान्यात का जातात, हेही कळणार नाही. ती पाड्यावरचीच असे, तिला बोलावण्यास वाहन लागत नसे, रात्री-अपरात्री ती येई. अडलेल्या बाईची पाठ चोळणे, तिला धीर देणे, कमरेला आधार देऊन उकिडवे बसवणे, हे सर्व ती परक्याच्या नव्हे तर आपल्या घरच्या माणसाच्या मायेने करी. बाळाला न्हाऊ घाली, बाळंतिणीला शेक देई, पाचवीला सटवाईच्या पूजेला तिचा मान असे. तिच्या मोबदल्याला साडीचोळी, पायलीभर धान्य एवढे पुरत असे. बहुतेक बाळंतपणे नैसर्गिक रीतीने पार पडतात, आणि तेथवर तिची विद्या उणी पडत नसे. उणी पडे ती उरलेल्यांत. जगभरच्या अनुभवावरून साधारणतः शंभरांपैकी पंधरा गर्भवतींना काही ना काही गंभीर गुंतागुंत होते असे मानतात. आणि अडचण ही, की या पंधरा कोणत्या हे पुष्कळदा आधी सांगता येत नाही. पहिली चार बाळंतपणे सुखरूप झालेल्या बाईचे पाचव्या खेपेला काय होईल, याची हमी कोणी देऊ शकत नाही.

या पंधरांतील सर्वांत मोठा घात रक्तस्रावाचा. दिवस भरलेल्या गर्भाशयातून दर मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त वाहत असते. मूल बाहेर आले, वार सुटून पडली, की ज्या जागी ती चिकटलेली होती तेथील रक्तवाहिन्यांची तोंडे उघडी पडतात. त्यांना बंद करण्यासाठी निसर्गाने केलेली योजना अशी, की गर्भाशयाचे स्नायू करकचून आवळले जावेत आणि त्यांच्या जाळीत सापडून त्या वाहिन्या चिमटल्या जाव्यात. हे आवळणे जर झाले नाही, गर्भाशय सैल राहिले, तर धडधाकट बाईदेखील दोन तासांच्या आत दगावू शकते. आणि जिच्या अंगात मुळातच रक्त कमी आहे तिला तेवढा अवधीही मिळत नाही. महाराष्ट्रातील गर्भवतींपैकी जवळजवळ निम्म्या स्त्रिया रक्तक्षयाने ग्रासलेल्या आहेत असे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते. मग भाताची लावणी, रानातली मोळी आणि उन्हाळ्यात डोक्यावरून वाहिलेले पाणी यांनी झिजलेल्या पाड्यावरच्या बाईची गत काय वर्णावी! यावरचा उपाय मात्र थक्क व्हावे इतका लहान आहे. मूल जन्मल्यावर मिनिटाभरात मांडीत टोचलेले ऑक्सिटोसिनचे दहा युनिटांचे इंजेक्शन गर्भाशयाला आवळावयास लावते. परंतु हे औषध दोन ते आठ अंश उष्णतेत ठेवावे लागते; म्हणजे शीतकपाट हवे, त्याला अखंड वीज हवी, टोचणारा शिकलेला हात हवा, आणि त्यानेही भागले नाही तर रक्त चढवण्याची सोय हवी. झटके येणाऱ्या बाईला मॅग्नेशियम सल्फेट हवे, आडव्या मुलासाठी शस्त्रक्रियेची खोली हवी. सुईणीच्या ओच्यात यांतले काही मावत नाही. दवाखान्याची खरी थोरवी एवढीच, आणि ती थोडीथोडकी नव्हे.

तथापि दवाखाना म्हटला की तो सुरक्षितच असतो, हे खरे नव्हे. १८४०च्या सुमारास व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. पहिल्यात वैद्यकाचे विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात सुइणी. पहिल्या विभागात दहांतली सुमारे एक बाळंतीण सूतिकाज्वराने मरत असे, दुसऱ्यात त्याच्या निम्म्याहूनही कमी. हे रहस्य पंडितांना उलगडले नव्हते, पण गावातल्या गोरगरीब बायकांना ते पक्के ठाऊक होते. पहिल्या विभागात नेऊ नका म्हणून त्या पाया पडत, आणि कित्येक जणी तर तेथे जाण्यापेक्षा रस्त्यात बाळंत होणे पत्करीत. १८४७ साली इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टराने ओळखले, की शवविच्छेदनाच्या खोलीतून आलेले विद्यार्थ्यांचे हातच हा मृत्यू वाहून आणतात. त्याने क्लोरीनयुक्त पाण्याने हात धुण्याची सक्ती केली आणि मृत्यू झपाट्याने घटले. ही हकीकत हात धुण्याच्या महत्त्वासाठी नेहमी सांगतात. परंतु तिच्यातला दुसरा अर्थ मला अधिक मोलाचा वाटतो. बाई कोठे बाळंत व्हायचे हे ठरवते, तेव्हा ती आपल्या अनुभवाचा आणि शेजारणींच्या अनुभवाचा निवाडा करीत असते. दवाखाना टाळणारी बाई अज्ञानी आहे असा निकाल देण्यापूर्वी तिने त्या दवाखान्यात काय पाहिले, हे विचारले पाहिजे. बायकांची निवड ही दवाखान्याची परीक्षा असते.

या दृष्टीने पाहिले तर गेल्या काही वर्षांचे आकडे विलक्षण बोलके आहेत. २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील शंभरांपैकी सुमारे ६५ बाळंतपणे दवाखान्यात होत होती. २०१५-१६ मध्ये ती ९० झाली आणि २०१९-२१ मध्ये जवळजवळ ९५. देशाचा आकडा याच काळात ३९ वरून ८९ वर गेला. या बदलाच्या मुळाशी सरकारी योजना आहेत हे उघड आहे. एप्रिल २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली. तिच्यामुळे आपल्या राज्यात दारिद्र्यरेषेखालील, अनुसूचित जातीच्या आणि आदिवासी स्त्रीला खेड्यातल्या दवाखान्यात बाळंत झाल्यास सातशे रुपये मिळू लागले. १ जून २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी दवाखान्यातील बाळंतपण, मग ते शस्त्रक्रियेचे का असेना, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि घरापासूनचे वाहन यांसह विनामूल्य केले. पुढे पहिल्या अपत्यासाठी पाच हजार रुपयांची मातृवंदना योजना आली, आणि आदिवासी भागात गर्भवतीला अंगणवाडीतून एक वेळचे चौरस जेवण देणारी अमृत आहार योजनाही आली.

परंतु सातशे रुपयांसाठी बाया दवाखान्यात जातात असे समजणारा माणूस बाजारात हिशेबी असेल, पाड्यावर नव्हे. पैसा निर्णय घडवीत नाही. घडलेल्या निर्णयाच्या वाटेतला खड्डा तो बुजवतो. निर्णय घडतो तो फार आधी आणि फार हळूहळू. पाड्यावरचीच सून असलेली आशाताई, म्हणजे तेथली आरोग्य कार्यकर्ती, दिवस राहिल्याची नोंद करते. महिन्याच्या ठरल्या दिवशी नर्सबाई उपकेंद्रात येते, धनुर्वाताचे इंजेक्शन टोचते, रक्तदाब पाहते, लोहाच्या गोळ्या देते. कधी सोनोग्राफीसाठी तालुक्याला जावे लागते, आणि तेथे जाऊन आल्याने दवाखान्याची भिंत, खिडकी, केसपेपरची रांग ओळखीची होते. नऊ महिन्यांत चारपाच वेळा ज्या दारातून आतबाहेर झाले, त्या दाराची रात्री भीती वाटत नाही. त्यात घरच्या सासूचा पाठिंबा हा निर्णायक ठरतो. आणि येथे एक पिढी पालटल्याचा प्रत्यय येतो. जिने स्वतःची सगळी मुले घरी जन्माला घातली ती सासू पूर्वी म्हणे, आम्हाला काय झाले? आता जिची स्वतःची धाकटी मुले दवाखान्यात झाली अशी सासू पाड्यापाड्यांत आली आहे, आणि नातवाच्या वेळी घरी थांबण्याची जोखीम घेण्यास ती तयार नाही. शिवाय दवाखान्यात जन्मलेल्या मुलाला तेथल्या तेथे क्षयाची आणि पोलिओची लस मिळते, आणि त्याच्या जन्माची नोंद आपोआप होते. एकवीस दिवसांत जन्म नोंदवावा हा १९६९ चा कायदा. पण घरी झालेल्या मुलाच्या दाखल्यासाठी ग्रामपंचायतीच्या कचेरीत घालावे लागणारे हेलपाटे ज्यांनी घातले आहेत, आणि शाळेत व जातीच्या दाखल्यासाठी तो कागद नाही म्हणून ज्यांची मुले अडली आहेत, त्यांना त्या नोंदीची किंमत सांगावी लागत नाही.

मग अजूनही काही मुले पाड्यावर, जीपमध्ये, कधी ओहोळाच्या काठी जन्मतात, ती का? या प्रश्नाची उत्तम फोड सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन या दोन अभ्यासक स्त्रियांनी १९९४ साली करून ठेवली आहे. त्यांनी मातेच्या मृत्यूमागे तीन विलंब दाखवले: जायचे ठरवण्यातला विलंब, पोहोचण्यातला विलंब, आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातला विलंब. आपल्याकडे बोलणारे सहसा पहिल्यावरच थांबतात, कारण त्याचा दोष कुटुंबावर टाकता येतो. शहापूर-मुरबाडच्या डोंगरात दुसरा विलंब डोळ्यांनी दिसतो. गाडीरस्ता जेथे संपतो तेथून वर पाड्यापर्यंत पायवाट असते. तेथे रुग्णवाहिका येत नाही, १०८ क्रमांक फिरवण्यासाठी फोनला रेंज लागते आणि ती टेकडीवर चढल्याशिवाय मिळत नाही. मग दोन गडी बांबूला चादरीची किंवा घोंगडीची झोळी बांधतात आणि तिच्यात बाईला घालून चिखल तुडवीत खाली उतरतात. अशा झोळीतल्या प्रवासाच्या बातम्या शहापूर तालुक्यातून पावसाळ्यात वर्तमानपत्रांत येतच असतात. दवाखान्यात जायचे हा निर्णय झालेला असूनही रस्त्याने तो मोडून काढलेला असतो.

तिसरा विलंब त्याहून गुपचूप काम करतो. प्राथमिक केंद्रातून ग्रामीण रुग्णालयात, तेथून उल्हासनगरला किंवा ठाण्याला, तेथून प्रसंगी मुंबईला, असे अडलेल्या बाईला 'पुढे पाठवणे' चालते. प्रत्येक ठिकाणी कारण खरेच असते, कोठे भूलतज्ज्ञ नाही, कोठे रक्त नाही, आणि तरीही त्या साऱ्या खऱ्या कारणांची बेरीज एका बाईच्या आयुष्यातून वजा होते. ज्या पाड्यावरच्या एका बाईला असे फिरवले गेले, तेथल्या पुढच्या दहा जणींची निवड त्या रात्री ठरते. तशीच ती एखाद्या खेकसण्यानेही ठरते. वेणा देताना ओरडणाऱ्या बाईवर कोणी डाफरले, तिच्या कपड्यांवरून, बोलीवरून कोणी नाक मुरडले, सासूला दाराबाहेर उभे केले, तर ती गोष्ट सातशे रुपयांपेक्षा अधिक काळ लक्षात राहते. व्हिएन्नाच्या बायकांप्रमाणे याही बायका नोंद ठेवतात. त्यांचे दप्तर कागदाचे नसते, एवढेच.

कातकरी कुटुंबांची अडचण आणखी निराळी. दिवाळी झाली, की भट्टीमालकाकडून उचल घेतलेली ही कुटुंबे भिवंडी, कल्याण, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. आशाताईच्या वहीत जिचे नाव आहे ती बाई दिवस भरताना तालुक्यातच नसते. आणि जेथे ती आहे तेथल्या वहीत तिचे नाव नसते. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती-साहाय्याच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बाळंतपणाच्या विश्रांतीचा भार मालकाने व सरकारने उचलावा असे प्रतिपादन केले, आणि १९२९ साली तो कायदा झाला. गिरणीतल्या बाईला त्याची सावली मिळाली. भट्टीवर हजार विटांच्या हिशेबाने राबणाऱ्या जोडप्यातल्या बाईपर्यंत ती सावली अजून धडपणे पोहोचलेली नाही. तिला दवाखान्यात जाणे म्हणजे नवऱ्याचीही मजुरी बुडणे आणि उचलीचा आकडा फुगणे.

यावर उपाय म्हणून जे काही योजले गेले, त्यांत मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते ते 'माहेरघर'. आदिवासी भागातील काही प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या आवारात बांधलेली ही खोली. दिवस भरत आलेल्या बाईने वेणा सुरू होण्यापूर्वीच काही दिवस तेथे येऊन राहावे, सोबत घरचे एक माणूस आणि लहान मूल असावे, जेवणाची सोय व्हावी, अशी ही योजना. रस्ता होण्याची वाट न पाहता बाईलाच रस्त्याच्या पलीकडे आणून ठेवण्याची ही युक्ती आहे. परंतु या योजनेच्या नावातच तिचा सारा विचार सामावला आहे. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली जुनी रीत; ती केवळ कौतुकाची नव्हती. सासरी कामाला जुंपलेल्या मुलीला शेवटचे दोन महिने विसावा मिळावा, वेणांच्या वेळी आई उशाशी असावी, ओरडले तरी कोणी नाव ठेवू नये, एवढा व्यवहार त्या रीतीत होता. ज्या केंद्रात माहेरघराच्या खोलीला कुलूप आहे किंवा तेथे औषधांची खोकी रचलेली आहेत, तेथे माहेर नाही, नुसते घरही नाही. नेदरलँड्समध्ये आजही काही स्त्रिया घरीच बाळंत होतात आणि सुखरूप होतात. कारण त्यांच्या दारी शिकलेली सुईण असते आणि अडल्यास रुग्णवाहिका काही मिनिटांत येते. म्हणजे धोका घराच्या चार भिंतींत नसून घर आणि उपचार यांच्यामधल्या अंतरात आहे. ते अंतर रस्त्याने तुटते, शीतकपाटाने तुटते, आणि खाटेपाशी उभ्या असलेल्या नर्सबाईच्या हाकेनेही तुटते.

पूर्वी 'सुटली' ही वार्ता खोलीतून ओटीवर आणि ओटीवरून आळीत जाई. आता ती दवाखान्याच्या व्हरांड्यातून फोनवर पाड्याला जाते. तीन दिवसांनी गाडी डांबरी रस्त्याच्या टोकाशी तिला सोडते, बाळाला दुपट्यात गुंडाळून सासू पुढे चालू लागते, आणि संध्याकाळी शेजारणी जमतात. त्या खाटेविषयी विचारत नाहीत, इंजेक्शनाविषयी विचारत नाहीत, रुपयांविषयीही लगेच नाही. मूल पाहून झाले, की त्यांतली जी पोटुशी आहे ती हळूच विचारते, "तुझ्यापाशी कोण व्हतं?" या प्रश्नाला काय उत्तर मिळते, त्यावर तिचे जाणे ठरते.